वरूनच येत नाही

रात्रीचे सव्वातीन. वसतिगृहाच्या दुसऱ्या मजल्यावर, न्हाणीघराच्या बाजूने कुणीतरी जिवाच्या आकांताने ओरडतं, "आलं रे, आलं!" आणि अख्खी इमारत अंथरुणातून ताडकन उठते. दिवे लागतात, अंधारात कुणाची तरी बादली लाथेने कलंडते, चार्जरवरून दोघांची जुंपते. पहिल्यांदाच मुक्कामाला आलेल्या पाहुण्याला वाटतं, पाणी आलं. फार तर बिबट्या. माझ्या मामेभावाला भूकंप वाटला आणि तो उशी छातीशी धरून खाली मैदानात जाऊन उभा राहिला. त्याला समजावून वर आणेपर्यंत चार वाजले आणि माझ्या तीन पीडीएफ हुकल्या.

आमच्याकडे रात्री नेट येतं.

येतं म्हणजे नळाला पाणी यावं तसंच येतं. आधी नुसती फुसफुस. मग परवाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा एकदम टपकतात. मग बारीक धार लागते, आणि तेवढ्यात ज्याने त्याने आपली भांडी लावलेली असतात. कुणाचा सिनेमा, कुणाची एमपीएससीची व्याख्यानं, कुणाची कालच्या सामन्यातली नुसती षटकारांची चित्रफीत. उजाडल्यावर कधीतरी नळ एक गुळणी टाकतो आणि कोरडा पडतो. मी दुष्काळी माणदेशातला. साठवण माझ्या रक्तात आहे. आई जसे हंडे-कळश्या भरून ठेवायची, तशा मी पीडीएफ भरून ठेवतो. आणि दुसऱ्या दिवशी ताजं पाणी आलं की आई कालचं 'शिळं झालं' म्हणून ओतून द्यायची, तसंच कालच्या पीडीएफचं मी करतो. न वाचता.

खोलीत आम्ही तिघं. एक यवतमाळचा, एक कोल्हापूरचा. वसतिगृहात माणसाचं नाव पहिल्या आठवड्यात गळून पडतं आणि गाव चिकटतं, तेव्हा ते दोघे यवतमाळ आणि कोल्हापूर. मी पीएच.डी.च्या पाचव्या वर्षाला आहे. 'अजून झालं नाही?' या प्रश्नाला मी चार वर्षं एकच उत्तर देत आलोय: नेट नव्हतं.

आणि ते खोटं नाही. प्रवेशद्वाराशी पाटी आहे, 'सुसज्ज वसतिगृह. १०० एमबीपीएस वेगवान वाय-फाय.' कोल्हापूर भौतिकशास्त्रवाला. त्याने एकदा मेसच्या बिलामागे हिशेब मांडला. "हे मेगाबिट हायत भावा, मेगाबाइट न्हवं. आठानं भाग." साडेबारा आले. "आता पोरं किती? दोनशे चाळीस." प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाला ५२ किलोबाइट. तेही पंगतीत श्रीखंड वाटतात त्या पद्धतीने. आधी रेक्टरांचं ऑफिस, मग अतिथिगृह, मग सीसीटीव्ही, आणि आमच्या पानापाशी येईपर्यंत वाढपी नुसतीच पळी खरवडत असतो.

त्यात वाय-फायचा डबा बसवलाय वॉटर कूलरच्या मागे. लोखंड आणि पाणी, रेडिओलहरी अडवणाऱ्या दोन उत्तम गोष्टी एकत्र हव्या असतील तर वॉटर कूलरइतकं सोयीचं काही नाही. डबा तिथेच का, असं विचारल्यावर नेटवर्कवाले दादा म्हणाले, "तिथं प्लग होता." यापुढे कुठलंच भौतिकशास्त्र चालत नाही. खालच्या मजल्यावर अतिथिगृहात मायक्रोवेव्ह आहे. तो आणि वाय-फाय एकाच पट्ट्यात, २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करतात, त्यामुळे कुणा पाहुण्याचा उपमा गरम झाला की आमचा एक मजला जगापासून तुटतो. कोल्हापूर म्हणतो, आपण एकटे नाही. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स वेधशाळेतल्या शास्त्रज्ञांना कितीतरी वर्षं एक गूढ संदेश मिळत होता. २०१५ साली उलगडा झाला. कुणीतरी जेवण गरम व्हायची वाट न बघता मायक्रोवेव्हचं दार मध्येच उघडत होतं. शास्त्रज्ञांनाही दम निघत नाही, हे ऐकून मला फार बरं वाटलं.

दादांची आणि माझी रोजची प्रश्नोत्तरं आता पाठ झालीत.

"दादा, नेट नाही."

"रिस्टार्ट केलं का?"

"केलं. नऊ वेळा."

"मग वरूनच येत नाही."

हे 'वरून' त्यांनी अशा आवाजात म्हणावं की माणसाने हात जोडून गप्प बसावं. पाऊस वरून येत नाही, पगार वरून येत नाही, तसंच नेट. पण मी संशोधक. 'वर' म्हणजे नेमकं कुठे, याचा माग काढायचं ठरवलं. दादांच्या वर विद्यापीठाचं संगणक केंद्र. ते म्हणाले, आमच्याकडून सगळं ठीक आहे, वरून नाही. त्यांच्या वर कनेक्शन देणारी कंपनी. तिथल्या बाईंनी मला चाळीस मिनिटं सतारवादन ऐकवलं आणि एका पोराकडे दिलं. तो म्हणाला, "सर, तुमच्या गेटासमोर रस्ता खणलाय ना, त्यात केबल तुटलीय." म्हणजे वर वर जात मी शेवटी आमच्याच गेटासमोर, जमिनीखाली तीन फुटांवर पोचलो.

जानेवारीतली गोष्ट वेगळी. तेव्हा सलग नऊ दिवस नेट गेलं होतं, आणि तेव्हा मात्र दादांना कारण सापडलं. जिन्याखालच्या पेटीतून त्यांनी विजयी मुद्रेने वायरीचं एक टोक बाहेर काढलं. कुरतडलेलं. "घुशीएवढा उंदीर आहे," ते म्हणाले. "आणि तुम्ही पोरंच याला जबाबदार. चटणीच्या हातानं येऊन वायरी हलवता. त्याला वास लागतो." हात चटणीचे होते, हे खरं होतं. आई महिन्याला शेंगदाण्याच्या चटणीची एक बाटली पाठवते आणि या इमारतीत तेच चलन आहे. मोबाइलचं नेट पकडायला गच्चीवर टाकीच्या आडोशाला जावं लागतं, गच्चीला दहानंतर कुलूप, त्यामुळे खिडकीशी ज्याच्या फोनला दोन काड्या दिसतात तो सावकार. चमचाभर चटणीला शंभर एमबी हॉटस्पॉट, असा भाव आहे. सणासुदीला चढतो. समोरच्या खोलीतल्या एकाने तर आपल्या हॉटस्पॉटचं नावच 'आधी_मागची_चटणी_दे' ठेवलंय.

तुम्ही म्हणाल, रीतसर नेट घ्यायला काय होतं? घेतलंय. त्याचा एक अर्ज असतो, तीन प्रतींत. मार्गदर्शकाची सही, विभागप्रमुखांची सही, रेक्टरांची सही आणि पासपोर्ट आकाराचा फोटो. इंटरनेटला माझा चेहरा कशाला हवा, हे मी विचारलं नाही. अर्जात एक रकाना होता, 'फिजिकल अ‍ॅड्रेस'. मी सुवाच्य अक्षरात मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा आणि पिनकोड लिहिला. अकरा दिवसांनी अर्ज परत आला. तिथे लॅपटॉपचा पत्ता हवा होता. प्रत्येक यंत्राला म्हणे बारा अक्षरांचा एक जन्मजात क्रमांक असतो. तो शोधून लिहिला, तर खिडकीतले साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "यात ए, बी, सी कुठून आलं? नंबर नंबरांत लिहा."

"साहेब, तो असाच असतो."

"असा नंबर असतो होय?" त्यांनी शेजारच्या टेबलाला विचारलं. शेजारचं टेबल म्हणालं, जेवणानंतर बघू.

पासवर्ड मिळाला तो महिन्याच्या मुदतीचा. मुदत संपली की विद्यापीठाच्या ई-मेलवर नवा पाठवतात. तो ई-मेल उघडायला आधी नेटवर लॉग-इन करावं लागतं. लॉग-इनला नवा पासवर्ड लागतो. हे मी यवतमाळला समजावून सांगितलं, तेव्हा तो बराच वेळ छताकडे बघत राहिला आणि म्हणाला, "थे पोट्टं अभिमन्यूच्या खानदानातलं असन बे, ज्यानं हे बनवलं." मला वाटतं अभिमन्यूची अवस्था जरा बरी होती. त्याला निदान आत जाता आलं.

पण हे सगळं काहीच नाही. खरी गंमत फायरवॉलची.

माझा विषय आहे मुंबई इलाख्यातलं अबकारी धोरण. १८७८ चा अबकारी कायदा, ताडीच्या झाडांवरचा कर, मोहाच्या फुलांवरून झालेली रणं. शंभर वर्षांपूर्वीच्या दारूचा कोरडा अभ्यास. मी स्वतः चहासुद्धा बिनसाखरेचा पितो. पण पहिल्याच आठवड्यात 'ताडी' हा शब्द टाकला आणि पडद्यावर लाल पंजा आला. 'प्रवेश नाकारला. वर्ग: मद्य व तंबाखू.' 'अबकारी' टाकलं, पंजा. मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ हा वाचायला गेलो, पंजा. महाराष्ट्रात आजही प्यायचा परवाना मिळतो तो याच दारूबंदीच्या कायद्याखाली, असला विनोद सरकारला जमतो, पण यंत्राला विनोद कळत नाही. त्याला नावात दारू दिसली, की झालं.

दोन महिन्यांनी रेक्टरांचं बोलावणं आलं. त्यांच्यासमोर एक छापील कागद होता आणि माझ्या नावाखाली पिवळी रेघ.

"बस," ते फार मायेने म्हणाले. तिथेच मला काळजी वाटायला लागली. "महिनाभरात ४१२ वेळा तू दारूच्या साइटी उघडायचा प्रयत्न केलास. पहाटे साडेतीनला सुद्धा. घरी माहीत आहे?"

"सर, माझा विषयच तो आहे."

"सगळे असंच म्हणतात."

मला व्यसनमुक्तीची एक पुस्तिका आणि गुरुवारच्या व्याख्यानाला हजेरी अशी शिक्षा झाली. व्याख्यान चांगलं होतं. त्यातला एक संदर्भ मी दुसऱ्या प्रकरणात वापरलाय.

इंग्रजी विभागातला एक मित्र माझ्याहून दुर्दैवी. त्याला इंग्लंडातल्या ससेक्स विद्यापीठाची शिष्यवृत्ती हवी होती. नावाची शेवटची तीन अक्षरं बघून फायरवॉलने डोळ्यांवर पदर घेतला. त्याच्या नावापुढची पिवळी रेघ माझ्याहून जाड होती. हा रोग जुना आहे म्हणा. १९९६ साली इंग्लंडमधल्याच स्कन्थॉर्प गावच्या लोकांना इंटरनेट सेवेवर खातंच उघडता येईना, कारण गावाच्या नावाच्या पोटात एक शिवी दडलेली. गावाला हजार-एक वर्षांत जे कधी खटकलं नाही, ते यंत्राला एका सेकंदात दिसलं. आमच्या शाळेत एक हेडमास्तर होते, ते मुलांच्या निबंधांत असले शब्दांतले शब्द शोधून शोधून लाल व्हायचे. ते निवृत्तीनंतर कुठे गेले, हे मला परवा कळलं.

एका रात्री १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटिअर उतरवायला लावलं. १८० एमबी. सेकंदाला १० किलोबाइट, म्हणजे पाच तास. ९७ टक्क्यांवर तुटलं. पुन्हा लावलं, पुन्हा ९७. तिसऱ्या वेळी मी लॅपटॉपला उदबत्ती ओवाळली, तेव्हा ९१ वरच तुटलं. माझ्या मार्गदर्शक सरांना सांगितलं. सरांनी १९९५ च्या १५ ऑगस्टला देशात इंटरनेट सुरू झालं तेव्हाचे दिवस बघितलेत, मॉडेमची किंकाळी ऐकून ज्यांची पिढी घडली त्यांतले ते. माझ्याबद्दल त्यांना सहानुभूती नाही.

"मग मुंबईला जा. काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखागार आहे. आम्ही सगळं तिथेच बसून हाताने उतरवलं."

गेलो. रात्रीची एसटी, सकाळी दप्तरखाना, मागणीपत्र, धूळ, शिंका, संध्याकाळी वडापाव आणि रात्री परतीची एसटी. जाऊन-येऊन ३१ तास. जाताना यवतमाळला तेच गॅझेटिअर उतरवायला सांगून गेलो होतो. परत आलो तेव्हा त्याचं ६४ टक्के झालं होतं.

"आता थांबून काय उपयोग," मी म्हटलं.

"थांब ना बे, येऊन राहिलं हळूहळू," तो म्हणाला. दुसऱ्याच्या डाउनलोडमध्येही जीव गुंततो माणसाचा.

त्या रात्री कोल्हापूरने कबुतरांचा विषय काढला. १ एप्रिल १९९० ला इंटरनेटच्या अधिकृत नियमावलीत एक चेष्टेचा नियम प्रसिद्ध झाला होता, कबुतराच्या पायाला चिठ्ठी बांधून इंटरनेट कसं चालवावं याचा. २००१ साली नॉर्वेतल्या बर्गन गावच्या काही हौशी लोकांनी तो खरा करून दाखवला. नऊ चिठ्ठ्या पाठवल्या, चारांची उत्तरं परत आली, आणि एकेकीच्या फेरीला सरासरी दीडेक तास लागला. आम्ही तिघेही हेवा वाटून गप्प बसलो. नऊपैकी चार! पुढे २००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत विन्स्टन नावाच्या कबुतराने पायाला ४ जीबीचं कार्ड बांधून तारेवरच्या इंटरनेटशी शर्यत लावली. सुमारे तासाभरात उडत पोचला. कार्ड उतरवून घेईपर्यंतचा वेळ धरला तरी तेवढ्यात तारेवरून जेमतेम चार टक्के गेले होते.

आमच्या खिडकीत पारव्यांची अख्खी वसाहत आहे. यवतमाळ उत्साहाने पेनड्राइव्ह आणि दोरा घेऊन उठला. पण आमचे पारवे कामसू नाहीत. ते फक्त रेक्टरांच्या गाडीपर्यंत जातात, तेही एकाच कामासाठी, आणि ते काम मात्र ते वक्तशीर करतात.

मग विद्यापीठांना दर्जा देणाऱ्या नॅकची समिती यायची ठरली.

विद्यापीठात राहिलेल्या माणसाला यापुढचं सांगायला नको. आठ दिवसांत फरशा दिसायला लागल्या. नर्सरीतून तीनशे कुंड्या आल्या. मेसच्या वरणात डाळ सापडली. आणि वॉटर कूलरच्या मागचा डबा काढून प्रत्येक मजल्यावर दोन-दोन नवे पांढरे डबे बसले, जिन्याखालच्या पेटीत बोटाएवढी जाड नवी केबल आली. दादांनी स्वतः वर येऊन विचारलं, "येतंय का?" चार वर्षांत त्यांनी आपणहून विचारायची ही पहिलीच वेळ. मला उत्तर सुचेना.

येत होतं. अहो, काय येत होतं! पहिला दिवस कोल्हापूरने नुसता वेग मोजण्यात घालवला. ९४. परत मोजला, ९३. तो एक कुठे गेला म्हणून अस्वस्थ झाला. यवतमाळने घरी व्हिडिओ कॉल लावला. आजवर त्याच्या आईला त्याचा चेहरा चौकोनी तुकड्यांत दिसायचा. आता तो अख्खा दिसला, आणि त्याच्यामागची खोलीही.

"हे काय, पोट किती सुटलं तुझं! आन् थ्या खुर्चीवर कोणाचे कपडे पडून राहिले?"

"आई, आवाज तुटून राहिला."

"नाही तुटत. मले सारं आयकू येते."

तो हताशपणे आमच्याकडे बघू लागला. आम्ही कपडे उचलले.

समिती तीन दिवसांनी गेली. कुंड्या ट्रकमध्ये बसून गेल्या, वरणातली डाळही गेली. नेट मात्र राहिलं. बहुधा कमी करायचं विसरले. आठवडा झाला, नेट आहे. पंधरा दिवस झाले, आहे. चटणीचा भाव कोसळला. पहाटे साडेतीनला कुणी ओरडेना, म्हणून मला जागच येईना. आणि एका गुरुवारी सरांचा फोन आला.

"नेट उत्तम झालंय म्हणे?"

"हो सर," मी बोलून गेलो. माणूस बेसावध असतो.

"वा. मग तिसरं प्रकरण रविवारी संध्याकाळी सहापर्यंत पाठव."

'वाचायचे' नावाच्या फोल्डरमध्ये, ओतून देऊनही, ३१२ पीडीएफ होत्या. तिसऱ्या प्रकरणाच्या फाइलमध्ये शीर्षक होतं, ठळक अक्षरांत, मध्यभागी. त्याखाली 'प्रस्तावना' असं लिहून दोन टिंबं दिली होती. शुक्रवारी मी शीर्षकाचा आकार बदलला. शनिवारी एकच संदर्भ तपासावा म्हणून नेट उघडलं. लाल पंजा आला नाही, ताडी सरळ उघडली, आणि ताडीवरून नीरा, नीरेवरून कोकण, कोकणावरून कोकण रेल्वेच्या इंजिनातून घेतलेली चित्रफीत, अशी साडेपाच तासांची. एकदाही अडकली नाही. रत्नागिरी गेलं, मडगाव आलं, रात्रीचे अडीच वाजले.

बाटली भरायला खाली उतरलो. जिन्याखाली पेटीचं झाकण अर्धवट उघडं होतं आणि नव्या केबलवर तो बसला होता. दादा खरं बोलत होते, घुशीएवढाच होता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पायात चपला होत्या, एक काढून भिरकावली असती तर काम झालं असतं. मी हळूच जिन्याच्या पायरीवर बसलो. त्याने केबल हुंगली, एकदा दात लावून पाहिला, तोंड वाकडं केलं आणि भिंतीकडे बघत मिशा साफ करायला लागला. दहा मिनिटं गेली. केबल नवी होती, जाड होती, तिला कसलाच वास नव्हता.

कपाटात वरच्या फळीवर आईची कालच आलेली बाटली होती. ती आणायला मी चपला हातात घेऊन, पाय न वाजवता वर गेलो.